चार गाठींची वायर

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (तीन आठवडे जीपखाली उताणा पडून होतो, त्यामुळे नमस्कार उलट्या बाजूने पोचला तर सांभाळून घ्या.) तुमची तब्येत ठीक असणारच, कारण ती ठीक नाही असं तुमच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नाही. गुडघा काय म्हणतो? मामींचा रक्तदाब कसा आहे? इकडे सगळे मजेत. तुमची भाचेसून गेल्या मंगळवारपासून माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे, मुलं मला ओळखतात, आणि हातांचं काळं आता फक्त नखांत उरलं आहे.

तर जीप. गेल्या महिन्यात वळणावरचा दिव्याचा खांब तुम्हाला आडवा आला (तुम्ही 'आडवा आला' म्हणालात, म्हणून मीही तसंच लिहितो), तेव्हा तुम्ही किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "हेडलाइट मिणमिणतायत रे, दुसरं काही नाही. चांगले बसवून दे, की मी गाडी परत नेतो." मी हो म्हणालो. जिथे रस्ता संपतो तिथून त्या गाडीचं काम सुरू होतं. तीस वर्षं तुम्ही तिच्यातून खाणीवर गेलात, आणि मी गाडी शिकलो तीही तिच्यावरच. तिचे दिवे बदलणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, असं मी धरून चाललो होतो. जुना काढायचा, नवा घालायचा, हात धुवायचे.

नवे दिवे बसवले, बटण ओढलं, तर ते जुन्यांपेक्षा मंद. कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि त्यातली तीन गिऱ्हाईक गेल्यावर. त्याने मीटर लावून दाखवलं: बॅटरीवर बारा व्होल्ट, दिव्यापाशी साडेनऊ. वीज बॅटरीतून निघून आधी डॅशबोर्डच्या बटणाकडे जाते, मग पायाखालच्या डिपरच्या बटणाकडे, मग उलटी पुढे दिव्यांकडे. सगळ्या नातेवाइकांकडे चहा घेत निघालेल्या पाहुण्यासारखी ती मुक्कामाला पोचेपर्यंत गळून जाते. यावर उपाय म्हणजे रिले. दिव्यांजवळ एक छोटी डबी बसवायची, बटणाने तिला नुसता हुकूम द्यायचा, आणि खरी वीज जाड वायरीने बॅटरीतून थेट न्यायची. म्हणजे साहेबाने सही करायची आणि ओझं शिपायाने वाहायचं. मला हे इतकं पटलं की मी वायरमनला म्हणालो, एवढंच ना, मग मीच करतो. त्याने मीटर पिशवीत टाकला आणि तो गेला.

बॉनेटखालची जुनी वायरिंग उघडली आणि माझे डोळे पांढरे झाले. मामा, सगळ्या वायरी पिवळ्या! दिव्यांची पिवळी, हॉर्नची पिवळी, वायपरची पिवळी. कधीकाळी तुम्हाला पिवळ्या वायरचं मोठं भेंडोळं मिळालं असणार आणि ते संपेपर्यंत तुम्ही दुसऱ्या रंगाचं तोंड पाहिलं नसणार. त्यात भर म्हणजे प्रत्येक वायरच्या टोकाशी गाठी. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, एका वायरला तर चार. आता मला टापटिपीची किती हौस आहे ते तुम्ही जाणताच. (हौस कामापेक्षा जास्त आहे, असं तुमची भाचेसून म्हणते.) मी नखांनी, मग सुईने आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्याने एकूण एक गाठ सोडवली, वायरी कंगव्याने विंचराव्यात तशा सरळ केल्या आणि सगळ्यांना बोलावून दाखवल्या. मग मोठ्या तोऱ्यात तुम्हाला फोन लावला. आठवतंय ना? मी म्हणालो, "मामा, तुमच्या सगळ्या गाठी सोडवल्या बरं का!" तुम्ही आधी विचारलंत, "सगळ्या?" मग म्हणालात, "अरे शहाण्या, एक गाठ म्हणजे डावा दिवा, दोन म्हणजे उजवा, तीन म्हणजे हॉर्न." मी विचारलं, "आणि चार?" तर म्हणालात, "चारला हात लावू नकोस," आणि फोन ठेवून दिलात.

आता कुठली चार आणि कुठली तीन? मी अंदाजाने जोडाजोडी केली. हॉर्न दाबला की डावा दिवा लागे, ब्रेक दाबला की वायपर हलू लागे, आणि दिव्याचं बटण ओढलं तर हॉर्न जो सुरू झाला तो काही केल्या थांबेना. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी आपोआप सरळ उभा राहिलो. वायरमनला न बोलावताच कळलं. त्याने आत डोकावून विचारलं, "हे पिवळं कुणी केलं?" म्हटलं, मामांनी. "आणि हे सरळ?" म्हटलं, मी. "एकाच घरातले ना?" असं म्हणून त्याने बॉनेट लावलं. दुसऱ्या दिवशी तो रंगीत वायरी, दोन रिले आणि फ्यूज घेऊन आला आणि दोन दिवसांत सगळं नव्याने ओढून दिलं. मी बॅटरी धरली. (हातातली, गाडीची नव्हे.) बाकी सगळ्या वायरींचा पत्ता लागल्यावर जी एक उरली, तीच चार गाठींची. ती डॅशबोर्डखाली लपवलेल्या एका जास्तीच्या बल्बला जात होती, आणि बल्ब वेगाच्या काट्यावर रोखलेला होता. बल्ब नवा, टेपही नवी. कशासाठी ते तेव्हा कळलं नाही.

पुढे परवाचा रविवार. तुम्ही हट्टाने एकटे बसने आलात, संध्याकाळी दिवे लावून पाहिलेत, समोरची भिंत लख्ख उजळली आणि मुख्याध्यापिकांनी पडदे ओढून घेतले. तुम्ही म्हणालात, "वा!" मग म्हणालात, "अजून जरा अंधुकच वाटतं." मग म्हणालात, "फाटक उघडून ठेवलंस ते बरं केलंस," आणि जीप घेऊन निघालात. मामा, फाटक बंद होतं. दोन महिन्यांपूर्वीच मी त्याला पांढरा रंग दिला आहे. मग जीप मी इथेच ठेवून घेतली, आणि बसने घरी जाऊन तुम्ही मामींना सांगितलंत की भाचा फाटक उघडायला विसरला. मामींनी फोनवर माझी चांगली हजेरी घेतली आणि मी म्हणालो, हो मामी, विसरलो.

असो. शब्द दिल्याप्रमाणे दिवे बसवले आहेत. जीप तयार आहे.

तुमचा लाडका (असं मी समजतो) भाचा

ता. क. फाटकाची काळजी करू नका. ते आता अर्धंच उघडतं, पण आम्ही सगळे बारीक आहोत. जीपला अर्थातच काही झालेलं नाही.

ता. क. २. मामी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत आहात हे मला ठाऊक आहे. चष्मा सापडत नाही, असं मामा म्हणाले असतील. म्हणूनच सगळं खरं लिहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंशी बोललो आहे. बहुतेक मोतीबिंदू आहे आणि काम छोटं आहे, असं त्या म्हणाल्या. गुरुवारी दहाची वेळ घेतली आहे. मी नऊला जीप घेऊन येतो. मामांना तयार ठेवा. खालचा बारीक अक्षरातला मजकूर मात्र वाचून दाखवू नका. कागद त्यांच्या हातात द्या. वाचता आला नाही, तर जपून ठेवा.

ता. क. ३. मामा, हे आजच वाचता आलं असेल तर मी चुकलो, कान पकडतो. पण आज तुम्हाला ते वाचता येणार नाही, म्हणून मनातलं लिहून टाकतो. खांबाची बातमी आली त्या दिवशी मी चपला न घालताच घराबाहेर पडलो होतो. काटा दिसेनासा झाला म्हणून चोरून बल्ब लावलात, आणि आमच्यापैकी कुणाला सांगितलं नाहीत, याचा मला फार राग आला. लहानपणापासून मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसत आलोय. मला अजून तिथेच बसायचं आहे. तुम्ही हे स्वतः वाचत असाल, तर डोळे बरे झाले आहेत. किल्ली खिळ्यावर आहे. या वेळी फाटक मी खरंच उघडून ठेवतो.