भोपळ्याशेजारचा सांधा

१० मार्च

नळी गळते आहे! बागेतल्या तुषारसंचाची लोखंडी नळी – कुंपणाजवळच्या सांध्यालगत, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून. आयुष्यभर गंजाचे शास्त्र शिकवलेल्या बाईच्या अंगणात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जेवताना जाहीर केले: दुरुस्ती मी स्वतः करणार. “प्लंबरला बोलाव ना,” नवरा म्हणाला. गेल्या खेपेस त्या गृहस्थाने गच्चीवरचा नळ तिरपा बसवला. तिरपा!

मामंजी मात्र दचकले. “राहू दे गं सूनबाई. म्हातारपणी लोखंडालाही पाझर फुटायचाच.”

सासरे असले म्हणून काय झाले? म्हातारपण हा युक्तिवाद नव्हे.

११ मार्च

मामंजींचा भोपळा हे सध्या या घराचे शेंडेफळ आहे. कुंपणालगत तक्क्याएवढा होऊन बसला आहे. महिनाअखेरीस भाजीपाल्याचे प्रदर्शन. तिथे दरवर्षी पलीकडच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर पहिले येतात आणि मग मामंजींचे सांत्वन करायला घरी येतात. ते सांत्वन मामंजींना पराभवापेक्षा जास्त झोंबते.

यंदा रोज सकाळी ते भोपळ्यापुढे गातात. गाण्यानेच वाढला, म्हणतात. (आवाज ऐकता हे संभवत नाही.) वेलाला कुणी तांब्याभर पाणीही घालायचे नाही; ते स्वतःही घालत नाहीत – तुषार आणि गाणे पुरे. “दुसऱ्याच्या हातानं वाढवलेला भोपळा आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेला प्रबंध – सारखेच!” वाक्य माझ्या धाटणीचे आहे. कुठून उचलले ते मला ठाऊक आहे.

१३ मार्च

नळी आतून पोखरलेली. नवे आटे पाडणे तिला सोसणार नाही. खराब भाग कापून मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालण्यावाचून गत्यंतर नाही. प्लास्टिक! माझ्या विद्यार्थ्यांच्या कानी न गेलेले बरे.

संध्याकाळी – जोड पाइप-पान्याने आवळला, लोखंडाला आवळतात तसा. तडकला. नवरा खिडकीतून: “बाई, हा पास का नापास?”

मी खिडकी ओढून घेतली.

१४ मार्च

जमले! आट्यांवर टेप नीट ताणून गुंडाळली, जोड हातानेच घट्ट केला, वर पान्याचा केवळ स्पर्श. एका टोकाला युनियन (फिरवून सोडता येणारा जोड) बसवली – पुढेमागे सांधा उघडायची वेळ आली तर नळी पुन्हा कापावी लागू नये. याला दूरदृष्टी म्हणतात.

टिपकागद धरून पाहिला. कोरडा ठणठणीत! नवऱ्याला तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा त्याने हात जोडले.

मामंजी सांध्याकडे बघत नुसते “छान” म्हणाले.

१९ मार्च

भोपळ्याची पाने मलूल. “रुसलाय,” मामंजी म्हणाले. गाणे बदलून पाहिले. जेवणात लक्ष नव्हते.

२० मार्च

आज वेल अधिकच लोळला आहे. पोस्टमास्तर कुंपणावरून डोकावून मामंजींना म्हणाले, “होतं असं, नाना. मनाला लावून घेऊ नका.” अजून प्रदर्शन व्हायचे आहे आणि सांत्वन सुरूही झाले!

मी वेलाखाली बसून पाहिले. पाने छत्र्यांसारखी पसरलेली. तुषाराचे पाणी त्यांवरून बाहेर ओघळते. बुंध्याशी माती भुग्यासारखी. आणि बुंधा नेमका कुठे? – माझ्या निर्दोष सांध्याच्या खाली.

म्हणजे त्याला वाढवले ते गळतीने! हे मामंजींना कोणत्या तोंडाने सांगू? तांब्याने पाणी घातलेले कळले तर ते प्रदर्शनात नावच देणार नाहीत.

२१ मार्च

मामंजी अंघोळीला गेले आणि मी युनियन सैल केली. अगदी किंचित. थेंब धरतो, ओथंबतो, पडतो – मग दुसरा. इतकी काटेकोर गळती मीच करू जाणे.

२२ मार्च

“प्राध्यापिकाबाई, तुमचा सांधा गळतोय!” – नवरा, भर जेवणाच्या टेबलावर, विजयी मुद्रेने.

“हो,” मी म्हटले.

“एवढंच? हो?”

“मीठ दे.”

आयुष्यात इतके अवघड वाक्य उच्चारले नव्हते. मामंजी पानात बघून जेवत होते. दुसऱ्यांदा वाढून घेतले.

२५ मार्च

पाने ताठ! “वरची पट्टी लागली आज,” मामंजी म्हणाले. “लागली खरी,” मी म्हणाले.

२९ मार्च

पहिला क्रमांक!! पोस्टमास्तर दुसरे. येताना गाडीत मामंजी भोपळा मांडीवर घेऊन बसले. वाटेत म्हणाले, “जरा त्यांच्या घरावरून घे रे. बिचाऱ्यांचं सांत्वन करायला हवं.”

३० मार्च

सकाळी मामंजी पाइप-पाना घेऊन दारात उभे. “सूनबाई, आता आवळलास तरी चालेल. माझ्यापायी तुझ्या नावाला बट्टा नको.”

मी विचारले, “मग ते गाणं?”

“ते माझ्यासाठी गं,” ते म्हणाले. “त्याला पाणीच लागतं.”