अंगठ्यावरचा चटका

रविवार, संध्याकाळ

सुनंदाच्या अंगठ्याकडं अजून बघवत नाही.

वीज मोजायच्या मल्टिमीटरचं किट हौसेनं मी मागवलं, पण जोडलं बायकोनं, सुनंदानं. माझा हात कापतो. सुटे भाग सांधायला मी मारलेला एकमेव टाकाही तिनं काढून पुन्हा मारला, तेव्हाच सोल्डरिंगचा चटका बसला तिला.

आज कंपनीतला बाजीराव आला. सॉकेटात, इन्व्हर्टरच्या बॅटरीला, सगळीकडं मीटर लावून बघितला. आकडे बरोबर. मग मागचं झाकण उघडून म्हणाला, "लई सफाईदार टाकं हाईत. कुणी जोडलं?"

"मीच की!"

का म्हणालो? बायकोनं जोडलं म्हणायला जीभ का अडली? ती समोरच चहा घेऊन उभी होती. बाजीरावाला तिचा अंगठा दिसला. "वहिनी, काय लागलं?"

"तव्याचा चटका बसला."

"जपून करा की सैपाक," तो म्हणाला. मी हसलो. हसलो कसा?

तो गेला. मीटर टेबलावर चालूच राहिला होता. तिनं तो बंद केला, त्याच अंगठ्यानं.

"तुम्हीच जोडलाय न्हवं? मग बंद करायला तरी शिका."