आईचे डूल, ताईचा पहारा

ला पास,
२ मे १९९६

ती. सेनोबियाताईस,

सा. न. वि. वि. या खेपेला विनंती खरोखरच विशेष आहे, तेव्हा आधी खुर्चीवर बसून घे.

इकडे सगळं ठीक. रेमिहिओच्या टॅक्सीचं इंजिन पुन्हा बिघडलंय, त्यामुळे नवरोबा घरीच आहेत आणि माझ्या रश्श्यात मीठ कमी की जास्त यावर दिवसभर भाषण चालू आहे. पण खरी बातमी वेगळीच. आमच्या मंडळाने यंदा ग्रान पोदेरच्या उत्सवात, नाचाच्या मिरवणुकीत, मला पहिल्या ओळीत घेतलंय! इतकी वर्षं मागे राहून पुढच्यांच्या घागऱ्यांची धूळ खाल्ली, आता कुठे नंबर लागला.

पहिल्या ओळीतल्या बायकांच्या पायांकडे कुणी बघत नाही गं, सगळे कानांकडे बघतात. दागिने भाड्याने मिळतात, पण भाड्याचं सोनं आमच्या बायका लांबूनच ओळखतात. मग तोंडावर इतकं गोड बोलतात की त्यापेक्षा शिव्या परवडल्या. तेव्हा आईचे डूल एका दिवसासाठी दे. तिच्या कानांत ते मी कधी पाहिले नाहीत. तू तरी पाहिलेस. माझ्या नजरेला फक्त तुझी पेटी पडते, आणि तीही बंद.

नाही म्हणायच्या आधी एकदा माझं तोंड आठव. तुझी धाकटी,

नीवेस

*

ओरुरो,
९ मे १९९६

चि. नीवेस हिस,

अनेक आशीर्वाद. तोंड आठवलं. उत्तर नाही असंच आहे. आता कारण वाच.

तू आईच्या पाठीवर झोळीत होतीस, तुला काय आठवणार? मी बारा वर्षांची, तिच्या शालीचं टोक धरून चालत होते. जत्रेच्या गर्दीत एका माणसाने मागून तिचा डूल खेचला. कानाची पाळी फाटली, डूल खाली पडला, तो माणूस पळाला. डूल मी उचलला, माझी बोटं रक्ताने भरली होती. आई ओरडलीसुद्धा नाही, आधी तिने मागे हात नेऊन तू झोळीत आहेस ना ते चाचपलं. मग कान शिवून घेतला आणि डूल पेटीत गेले ते गेलेच. आजही गर्दीत कुणी मागून आलं की माझा हात कानाकडे जातो. मला भीती वाटते, नीवेस. सरळच सांगते.

ताई म्हणजे भित्री भागूबाई, असं तू रेमिहिओला म्हणशील. म्हण. पण माझा बाजारात आजवर एक बटाटा चोरीला गेलेला नाही, कारण मी डोकं वापरते. पिशवी पाठीवर कधीच नाही. पोटावर, शालीच्या आत, पट्टा डोक्यातून घातलेला. पैसे आतल्या परकराला शिवलेल्या खिशात. बसच्या दारात एखादा उगाच अडून उभा राहिला तर त्याचा जोडीदार आपल्या मागे आहे असं समजायचं. कुणी म्हणालं की बाई, तुमच्या शालीवर मोहरीचा सॉस सांडलाय, पुसून देतो, तर थांबायचं नाही, शाल घरी येऊन धुवायची. पुढ्यात पाकीट पडलं तर वाकायचं नाही. आणि खिसेकापूंपासून सावध राहा अशी पाटी दिसली की बाई लगेच आपली पिशवी चाचपते! ते मेले तिथेच उभे असतात. माल कुठे आहे ते आपणच त्यांना दाखवून देतो.

आता खुळखुळा फिरवत नाचणाऱ्या बाईला हे सगळं कसं जमायचं? म्हणून भाड्याचेच घाल. बाकी काहीही माग, माझी माया काही पेटीत ठेवलेली नाही.

तुझी ताई,
सेनोबिया

*

ला पास,
१६ मे १९९६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र रेमिहिओला वाचून दाखवलं. तो म्हणतो, तुझ्या ताईला पोलिसांत भरती करा, शहरातले चोर आपण होऊन दुसरा धंदा बघतील.

मंडळाने पहारेकरी लावलेत. ओळीच्या दोन्ही बाजूंनी दोर धरून ते आमच्याबरोबर चालणार. शिवाय मासेमारीचा बारीक दोरा डुलात ओवून कानावरून बांधून घेईन, म्हणजे हिसका बसला तरी पाळीवर यायचा नाही. बघ, मीही डोकं वापरते.

पण ताई, मला रागही आलाय, आणि तो मी गिळणार नाही. तो चोर रिकाम्या हाताने गेला असं तू म्हणतेस. आईने डूल घालायचे सोडले. तू कधी घातले नाहीस. आता मीही घालायचे नाहीत. मग त्याने काय न्यायचं बाकी ठेवलं, ते सांग.

जास्त लिहिलं असेल तर कान उपट. लोभ असू दे, संशय तेवढा कमी कर.

नीवेस

*

ओरुरो,
२२ मे १९९६

चि. नीवेस हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी मांजराला वाचून दाखवलं. घरात ऐकायला तेवढंच आहे, त्यालाही वाईट वाटलं असावं.

डूल कुणाच्या हाती पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येते. तुझ्या कानांत मीच घालीन, मीच काढीन, आणि तू नाचशील तेवढा वेळ मी दोराच्या आत तुझ्या शेजारून चालेन. मंडळाच्या पहारेकऱ्यांना आत्ताच सांगून ठेव, नंतर कटकट नको. रेमिहिओला कळव की मी भरती झाले.

सेनोबियाताई

*

ला पास,
५ जून १९९६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. माझे पाय अजून मिठाच्या पाण्यातच आहेत, पत्र मांडीवर ठेवून लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

अख्ख्या मंडळात तुझीच चर्चा आहे. साखरेचा कापूस विकणारा तुझ्याकडे बघून हसला, तर त्याला तू दोराबाहेर ढकललंस. तो ट्रम्पेटवाला उलटा चालत जरा जवळ आला, तर त्याच्या बरगडीत कोपर! बिचारा म्हणतो, मिरवणूक संपेपर्यंत त्याचा वरचा सूर लागलाच नाही. खरे पहारेकरी तुला घाबरून दुसऱ्या बाजूने चालत होते. पण माझे डूल जागचे हलले नाहीत. चढावर गुडघे बोलायला लागले तरी मान खाली घातली नाही मी.

आणि एक सांगायचं राहिलं. वळणावरच्या दुकानाच्या काचेत मी मला पाहिलं. डूल हलत होते. आई अशीच दिसत असणार, असं मनात आलं आणि नाचता नाचता रडायला लागले. बाजूच्या पेत्रोनाला वाटलं, बुटाने टाच सोलली.

तू मात्र घरी आल्यावर जेवली नाहीस, शालही सोडली नाहीस, आणि पहिल्या बसने निघून गेलीस. माझं काही चुकलं का? डूल तर तुझ्या चोळीत मी स्वतः टाचून दिले. जे असेल ते लिही, मला चैन नाही. तुझ्या मायेची वाट बघणारी,

नीवेस

*

ओरुरो,
१४ जून १९९६

चि. नीवेस हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं काही चुकलं नाही. माझी पिशवी कापली. हो, माझीच. आधी पोटभर हसून घे, मग पुढे वाच.

चढावर तुमची ओळ थांबली होती ना, तेव्हा एक बाई दोराखालून आली. अंगावर उंची शाल, बोलणं इतकं अदबीचं! पहिल्या ओळीतल्या बाईची ताई कोरडीच उभी राहणार का, असं म्हणून तिने माझ्या हातात बियरचा भरलेला पेला दिला. दुसऱ्या हातात गरम पुरी ठेवली. उत्सवात दिलेला पेला आपण कधी परत केलाय का? आणि भूमातेला चार थेंब वाहिल्याशिवाय तोंडाला लावलाय का? मी वाकले. दोन्ही हात अडकलेले, शाल पुढे लोंबलेली, आणि नजर काढायची नाही म्हणून मान वाकडी करून डोळे तुझ्या कानांवर. सॉसवाला आला असता तर मी त्याला लोळवला असता गं, पण भूमातेच्या नावाने कुणी चोरी करील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुझ्या घरी येऊन चाचपून पाहिलं तर पट्टा गळ्यात, पिशवी तळाशी ब्लेडने चिरलेली आणि आत काही नाही. शरमेने मला तुझ्यासमोर तोंड उघडवेना.

गेलं काय, तर ओळखपत्र, कंगवा आणि पेटीची किल्ली.

इथे आले तर कुलूपवाला अनिसेतो परगावी गेलेला. डूल गादीखाली ठेवले, झोप येईना. पिठाच्या डब्यात ठेवले, तर मांजर डब्यापाशी जाऊन बसलं आणि मला त्याचाही संशय यायला लागला. तेव्हा माझंच मला हसू आलं. तुझं ते पत्र पुन्हा काढून वाचलं. मग कानाच्या भोकांना तेल लावलं आणि घातले. दुखलं. जड आहेत गं, तू एवढा वेळ नाचलीस कशी?

सकाळी तशीच बाजारात गेले. बटाटेवाली फेलिपा म्हणाली, सेनोबिया, तुला कान आहेत हे आज कळलं. तेवढ्यात मागून कुणी तरी अंगाशी आलं. हात वर गेला, वळून पाहिलं तर एक बाई कोबी निवडत होती. मी तिला जागा करून दिली आणि निम्मा बाजार अजून बाकी होता तो केला.

काल अनिसेतो आला, कुलूप फोडून नवं बसवून गेला. पेटीत मी जुने पडदे टाकलेत.

त्या ट्रम्पेटवाल्याची माझ्या वतीने माफी माग. लोभ आहे तो तसाच ठेव. पुढच्या वर्षी डूल हवे असतील तर मागायला जरूर ये, पण आधीच सांगून ठेवते, सहजासहजी मिळायचे नाहीत. आता ते मी घालते.

तुझी,
सेनोबियाताई