डोंगरावर जाता येतं आता

कोल्हापूर, मार्गशीर्षातला रविवार

आई, पुष्कळ दिवसांत तुला लिहिलं नाही, माफ कर. आपल्या बंदुकीच्या गेमचा नवा भाग येऊन महिना झाला आणि मी तो उघडत नव्हते. या वेळी सगळा मुलूख मोकळा केलाय, वाटेल तिथं जाता येतं, असं वाचलं होतं. इतकं बदलल्यावर त्यात आपलं काही उरलं नसेल, याची भीती वाटायची. तू गेल्यावरही चालू राहिलेलं आपलं असं तेवढंच एक होतं.

हुपरीच्या घरी तू पैंजणांना घुंगरू जोडून उठायचीस, हात धुवायचीस, आणि आपण दोघी एकाच कॉम्प्युटरसमोर बसायचो. कीबोर्ड माझ्याकडे, माउस तुझ्याकडे. मी चालवायचे, तू नेम धरायचीस. चिमट्यात घुंगरू धरणारा तुझा हात कधी हलायचा नाही. मी मात्र आपल्या शिपायाला भिंतीवर आपटत राहायचे. "भित्तीला शेण लावाय लागलीयास व्हय? फुडं चल की."

तेव्हा पुढं चालणं एवढंच होतं. एक बोळ, एक दार, रांगेनं येणारे शत्रू. खिडकीतून एक डोंगर दिसायचा.

"तिकडं जाऊया की."

"वाट न्हाय आई, ते नुसतं चित्र हाय."

"मग दावलाय कशाला?"

दर भागात तू हे विचारायचीस. बंदुका वाढत गेल्या, बोळ तोच राहिला. तुझ्यानंतरचे भाग मी एकटीनं, सवय म्हणून खेळले. कंटाळा आला होता, पण तसं म्हणणं म्हणजे तुझाच कंटाळा आला म्हणण्यासारखं वाटायचं.

काल शेवटी उघडला. पहिल्याच दारातून बाहेर पडले तर समोर दरी, नदी, वस्त्या, आणि पलीकडे तो डोंगर. कुठलं ठाणं आधी घ्यायचं, मागून शिरायचं की वळसा घालून टाळायचंच, ते आपण ठरवायचं. नकाशावर खुणांची जत्रा भरलीय आणि गोष्ट पातळ झालीय, हेही लिहिलं पाहिजे. पण बंदुकीत गोळ्या भरल्या आणि तोच जुना आवाज आला, दोन खटके, मध्ये किंचित थांबून. तू पैंजणांच्या व्यापाऱ्याला सांगायचीस, "नक्षी कसली बी करा, अडकवायचा फासा बदलू नगासा. बाईचा हात न बघता तितं जातोय." माझाही हात न बघताच जुन्या बटणावर गेला होता. इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले.

तेवढ्यात हे आले. "चाळिशी उलटली, आता बंदुका व्हय?" म्हणाले, आणि मागं उभं राहून बघतच राहिले.

"त्या डोंगरावर जाता येतंय?"

"येतंय."

"मग जा की. हितं काय करतीयास?"

तुझा प्रश्न मी त्यांना कधीच सांगितलेला नाही.

मोहीम तशीच सोडली आणि वर चढले. खरं सांगते, एकही गोळी झाडली नाही. वाटेत शत्रू दिसला की पळाले, नेम धरणं मला अजून तुझंच काम वाटतं. माथ्यावर एक पडकं घर आहे, आत काही नाही. पण तिथून खाली आपला जुना बोळ दिसतो, आई. केवढासा आहे तो.

हे मागं उभेच होते, पाय दुखेपर्यंत.

उद्या: स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची कॉम्प्युटरपाशी आणून ठेवणे.