डावीकडे सात ठिपके

कन्नमवार नगर, विक्रोळी
१६ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप श्यामकांतभावोजी आणि सौ. अक्का यांच्या पायांवर धाकट्या दत्तारामानं डोकं ठेवलेलं आहे असं समजून पुढे वाचावं. (डोकं पत्र संपेपर्यंत तिथंच राहू द्यावं. शेवटी टपली मारावीशी वाटली तर शोधायला नको.)

इकडे सगळं ठीक. कुळथाची पिठी आणि बुंदीचे लाडू पोचले. (लाडू मालननं वरवंट्यानं फोडले, चव उत्तम.) आता तुमच्या तब्येतीचं सांगा. शिमग्यात झटका येऊन तुमचं डावं अंग गेलं, ते किती परत आलं? हात खांद्यापर्यंत जातो का? अक्का लिहिते की बोलणं आता स्पष्ट झालंय, तोंड डावीकडे उतरलंय तेवढं तसंच आहे, आणि तरीही तुम्ही माडाखाली उभे राहून नारळ पाडणाऱ्याला अक्कल शिकवता. वाचून फार बरं वाटलं. तिनं असंही लिहिलंय की एकसष्टीला मी काढून पाठवलेली तुमची तसबीर तुम्ही ओटीवरून उतरवून कणगीमागे ठेवलीत, आणि वर "हो कोण तो? माका काय वळखाक येणा नाय" असं म्हणालात. त्याचं मला काही वाटलं नाही. (वाटलं. दोन महिने माझं पत्र आलं नाही त्यात पोस्टाचा दोष नाही.) पण आजचं पत्र त्यासाठी नाही. आजचं पत्र तुमचे आभार मानायला लिहितोय. ते मी तोंडानं कधी मानले नाहीत, आणि आता मानले नाहीत तर माझ्यासारखा करंटा मीच.

गिरणी बंद पडली तेव्हा अठ्ठावीस वर्षं साड्यांचे काठ आणि बुट्ट्या काढलेला माणूस मी. संपानंतर दोन वर्षं रिक्षांच्या पाठीवर "आईचा आशीर्वाद" लिहीत होतो. (आशीर्वादाभोवती मी पैठणीचा काठ काढला म्हणून एका रिक्षावाल्यानं भांडण केलं.) घरात मालन बोलत नसे, आणि ती बोलत नाही म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजातली तुमची हेडक्लार्कची नोकरी संपायला आठ दिवस उरले असताना तुम्ही मला घाटकोपरला बोलावून घेतलंत आणि प्राणिशास्त्राच्या मृणालिनी सबनीसबाईंसमोर उभं केलंत. बाई पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं पुस्तक करताहेत, आपल्या उपनगरांत सापडतात तेवढ्या सगळ्यांचं. त्यांना चित्रं काढणारा माणूस हवा होता. "हा माझा मेहुणा, ह्याचा हात साफ आहे," एवढंच तुम्ही म्हणालात आणि मस्टर बघायला निघून गेलात. त्या एका वाक्यावर मी अडीच वर्षं जेवतोय.

हे काम काय असतं ते तुम्ही इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसूनही पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. दोन भुंगेरे शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात. पण एकाच्या खांद्यावर खळगा असतो आणि दुसऱ्याच्या नसतो, की झाली घराणी वेगळी, सोयरीक बंद. (आपल्याकडे लग्न मोडायला याहून लहान कारणं पुरतात, त्यामुळे मला हे शास्त्र चटकन कळलं.) बाई हे सगळं भिंगातून बघून ठरवायच्या. आता त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्यात पिकतोय, ऑपरेशन डिसेंबरात आहे. तोवर मी भिंगातून बघतो, हातभर मोठं चित्र काढतो, आणि बाई ते चित्र खिडकीशी धरून घराणं ठरवतात. "पेडणेकर, सध्या तुमचे डोळे तेच माझे डोळे," असं त्या मला म्हणाल्या होत्या. ते वाक्य तेव्हा मी घरी येऊन मालनला दोनदा ऐकवलं. पुढे ते मला फार जड गेलं.

ऑगस्टात आमच्या कॉलनीमागे नाल्याकाठच्या बेशरमीच्या झुडपावर मला एक भुंगेरा मिळाला. कासवासारखी ढाल असलेला, पिवळसर, पाठीवर काळे ठिपके. तुमच्या रताळ्याच्या वेलावरही ही जात असते. या जातीचे मी पुष्कळ काढले होते, आणि त्या सगळ्यांच्या दोन्ही पंखांवर नऊ-नऊ ठिपके. हा नवा मी काढला तो सात-सात. बाईंनी चित्र खिडकीशी धरलं, खाली ठेवलं, पुन्हा धरलं. मग खुर्चीत बसल्या. शेवटी म्हणाल्या, असा भुंगेरा कुठल्याच पुस्तकात नाही, बारा वर्षं खपल्यावर बहुधा एक नवी जात पदरात पडतेय, दसऱ्यानंतर चित्र आणि डबी परदेशातल्या जाणकारांकडे पाठवू. आणि पकडला तुम्ही, काढला तुम्ही, तेव्हा जातीला नाव तुमचंच, दत्तारामी. मालनला आधी हे पसंत नव्हतं. (माणसाचं नाव रस्त्याला देतात, शाळेला देतात, हे कसलं मेलं, असं तिचं म्हणणं.) पण तासाभरात ती आमच्या बिल्डिंगचे तिन्ही मजले उतरून सगळ्यांना सांगून आली, आणि तेव्हापासून माझी वाट लागायला सुरुवात झाली.

मंडळाचा सेक्रेटरी नंदू याला गणपतीत सत्कार करायला माणसं कमीच पडतात. त्यानं मला दहावी पास झालेल्या मुलामुलींच्या रांगेत बसवलं, शाल घातली, नारळ दिला आणि फाटकावर फळा लावला : "आमचे रहिवासी श्री. दत्ताराम पेडणेकर यांचे नाव किड्यास मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." दूधवाला तो फळा वाचून मला विचारून गेला की आधी किड्याचं नाव काय होतं.

इकडे बाई म्हणाल्या, एका नगावर जात ठरत नाही, आणखी आणा. मग मी रोज सकाळी छत्री घेऊन नाल्याकाठी. छत्री उघडून उलटी झुडपाखाली धरायची आणि वरून काठीनं फांदी झोडायची, किडे छत्रीत पडतात. (पडतं बरंच काही. तपशील लिहीत नाही, अक्का वाचेल.) तिथल्या झोपड्यांतल्या लोकांना वाटलं, हा वहीत काहीतरी लिहितोय म्हणजे महापालिकेचा माणूस, आता पाडायला येणार. एका म्हातारीनं मला चहा पाजून हळूच सांगितलं, "बाबा, माजा नंबर पयला लिही, मी शेवंतीची आई." तिचं समाधान होईना तेव्हा मी वहीत तिचं नाव लिहिलं. महिनाभरात चौसष्ट भुंगेरे पकडले आणि सगळ्यांना नऊ-नऊ. मी मनात म्हणायचो, आपला सात ठिपक्यांचा काय दुर्मिळ आहे, दुसरा म्हणून मिळत नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पूजेला ठेवायची म्हणून ब्रश, पेन्सिली धुतल्या आणि बाईंनी दिलेलं भिंग घासूनपुसून लख्ख केलं. चांगलं दिसतंय का ते बघायला जवळ होती ती सात ठिपकेवाल्याची डबी उघडली. भुंगेरा टाचणीवर होता, आणि खिडकीकडे त्याची उजवी बाजू आली होती. मी सहज मोजले. नऊ. पुन्हा मोजले, नऊच. डावीकडे सात. म्हणजे हा कुठल्या नव्या घराण्यातला नव्हता, नेहमीच्याच घरातला एका बाजूनं उणा जन्मलेला जीव होता, आणि दुसरी बाजू त्याला मी दिली होती. गिरणीत बुट्टी काढायची रीतच तशी. अर्धी काढायची, ट्रेसिंग कागदावर उतरवायची, कागद उलटा करून दुसरी अर्धी घासून घ्यायची. दोन टोकांत केसाचा फरक निघाला तर डिझाइनमास्तर कागद तोंडावर फेकायचा. (भुंगेऱ्यांची चित्रं शहाणे लोकही असंच उलटवून काढतात. फक्त उलटवण्याआधी ते दुसरी बाजू बघून घेतात.) मालनला सांगितलं. ती म्हणाली, बाईंना दिसत नाही आणि बाकी कुणी मोजणार नाही, पण परदेशातला माणूस मोजेल तेव्हा हसतील ते तुम्हाला नाही, बाईंना. मला अगदी हीच भीती होती. नोकरी जाण्याचीही होती, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला सकाळी डबी घेऊन मुलुंडला बाईंच्या घरी गेलो. आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, सोनं घ्या म्हटलं, वाकलो आणि वाकलेल्या अवस्थेतच सगळं सांगून टाकलं. (उभं राहून सांगायची छाती नव्हती.) मी वाट बघत होतो की आता म्हणतील, कामाच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवा. त्यांनी ती पानं बोटांनी चाचपून पाहिली, एकेक करून, दोन्ही बाजू. मग म्हणाल्या, "पेडणेकर, पानंसुद्धा निवडून आणलीत तुम्ही. एकही खाल्लेलं नाही." मी म्हटलं, चांगली बघून आणली. त्या म्हणाल्या, "मला खाल्लेलं पान लागतं हो. खाल्लेल्या पानावरच तर माझा भुंगेरा बसतो." आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, ते मोतीबिंदूमुळे की बारा वर्षांनी पदरात पडलेलं निसटलं म्हणून, मी विचारलं नाही. मला मात्र रडू आलं, ते तुम्हाला सांगायला लाज नाही.

मग त्यांनी तिथंच कागद दिला आणि म्हणाल्या, काढा याला, आहे तसा. भावोजी, हात ऐकेना. सात काढले की उजवीकडे सातच पडत, नऊ काढले की डावीकडे दोन आपोआप वाढत. तीन कागद वाया गेले. शेवटी बाईंनी एक पोस्टकार्ड घेऊन भुंगेऱ्याची अर्धी बाजू झाकली आणि म्हणाल्या, ही एकटी काढा, दुसरी आहे हे विसरा. मग कार्ड सरकवलं आणि म्हणाल्या, आता ही. असा तो उतरला, एका बाजूला नऊ, एका बाजूला सात, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच तो टाचणीवरून चालत जाईल असा वाटला. बाई म्हणाल्या, "जे समोर आहे त्याला लाज वाटत नसते, पेडणेकर, लाज आपल्याला वाटते." परदेशी जाणारं पत्र त्यांनी फाडलं. हे वाकडं चित्र पुस्तकात जाणार आहे, खाली लिहून : नेहमीची जात, ठिपक्यांत दोष, विक्रोळी. माझं नाव पकडणारा म्हणून बारीक अक्षरांत. नोकरी आहे. जुनी एकशेबारा चित्रं पुन्हा तपासतोय, त्यांतल्या सदतीस भुंगेऱ्यांना मी गिरणीच्या शिस्तीनं दुरुस्त करून ठेवलंय, कुणाला मिशी, कुणाला पाय. बाई रागावत नाहीत, फक्त दर चित्राला विचारतात, "हे त्याचं की तुमचं?" अशा बाईसमोर तुम्ही मला नेऊन उभं केलंत. तुमचे उपकार मोठे आहेत, आणि ते मानायला मला अडीच वर्षं आणि एक भुंगेरा लागला.

अक्काला आणि तुम्हाला मालनचा वाकून नमस्कार. हातावरचं मालिश सोडू नका.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. : अक्कानं गावात देवळासमोर माझा सत्कार ठरवलाय असं कळतं. भावोजी, तो मोडा. तिनं हे वाचण्याआधी तिला कारण तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही. इथल्या फळ्याचं मी नंदूला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? सत्कार झकास झाला ना, किडा नवा का जुना कोण बघतंय?" फळा अजून आहे. मी मागच्या फाटकानं जातो.

पुन्हा ता. क. : या पत्राचं खरं कारण आता लिहितो. ती तसबीर परत पाठवा. अक्कानं झटक्यानंतर पाठवलेल्या फोटोवरून काढताना मी तुमची उजवी बाजू काढली आणि कागद उलटवला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं असं मला वाटत होतं. फोटोत तुम्ही दोन्ही बाजूंनी आहात, बघवलं नाही ते मला. तुम्हाला तो माणूस ओळखू आला नाही यात तुमची चूक नाही, तो कुणीच नव्हता. काल त्या फोटोवर पोस्टकार्ड ठेवून तुमची डावी बाजू एकटी काढली. डोळा अर्धा मिटलेला, मिशी खाली, ओठ उतरलेला, आणि तरी मस्टर बघायला निघालेला माणूस तोच. मग उजवी काढली. सोबत पाठवतोय. ओळख पटली तर ओटीवर लावा. नाही पटली तर कणगीमागे एक जागा आता रिकामी होतेच आहे.