डाव्या खांबापाशी उभा असलेला अंपायर

सर, कॉलेजात बाकीचे सगळे तुम्हाला सरळ नावानं हाक मारायचे. पण मी शिकवणाऱ्या माणसाला नावानं हाक मारली असती तर आईनं माझा कान पिळला असता, म्हणून माझ्यापुरते तुम्ही सरच. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मराठीत लिहितोय, तुम्हाला यातलं एक अक्षर कळणार नाही, आणि खरं सांगू? म्हणूनच धीर आलाय.

वॉटफर्डच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही आम्हाला दारं-खिडक्या करायला शिकवायचात, पण लंचटाइममध्ये ॲशच्या लाकडाच्या फळीतून स्वतःसाठी खेळायची हर्ली तासत बसायचात. मी पहिल्यांदा विचारलं, 'हॉकी स्टिक?' तुम्ही असं बघितलंत, जणू मी तुमच्या आईला शिवी दिली. मग हर्लिंग हा तुमचा आयरिश खेळ म्हणजे काय ते बघायला मला मॅचला नेलंत. चेंडू माणसांच्या डोक्यांवरून सुसाट जातोय, आणि तुम्ही हेल्मेटशिवाय त्या गर्दीत घुसताय! एकोणिसाव्या वर्षी तुम्ही आयर्लंडमध्ये तुमच्या काउंटीकडून खेळलात, मग तिथं काम मिळेना म्हणून बोट पकडून लंडनला आलात आणि इथल्या क्लबकडून खेळत राहिलात. सोमवारी सुजलेल्या बोटांनी रंधा मारायचात, तोंडातून हूं की चूं नाही. मी जरा पाठ धरली की म्हणायचात, 'शनिवारी दिवसभर क्रिकेटचं अंपायरिंग करतोस, तेव्हा नाही वाटतं दुखत?'

एकदा हॅरोला आमच्याकडे जेवायला आलात. आईच्या थालीपिठावर बोटभर बटर थापून पाच खाल्लीत. आई म्हणाली, 'अगदी आपल्यातलेच वाटतात हो हे! विचार त्यांना, कप किती जिंकलेत?' मी विचारलं. तुम्ही बोटं पुसत म्हणालात, 'एकही नाही. चार फायनल हरलो. यंदा शेवटचा सीझन, गुडघा संपला.' आईनं सहावं थालीपीठ वाढलं.

त्या वर्षी तुमचा क्लब पुन्हा फायनलला पोचला. नेमका रेफरीच्या मदतीला गोलच्या खांबांपाशी उभ्या राहणाऱ्यांपैकी एक अंपायर आला नाही. तुम्ही मला पुढे ढकललंत. 'हा क्रिकेटचा अंपायर आहे. माझा विद्यार्थी आहे, पण मला फेव्हर करणार नाही.' समोरचा क्लब कुरकुरला, मग हो म्हणाला. पांढरा कोट ओळखीचाच होता, फक्त हातात झेंडा नवा. चेंडू आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, झेंडा वर. बाहेरून गेला तर वाइड. एवढं शिकून मी डाव्या खांबापाशी उभा राहिलो.

शेवटचं मिनिट आहे. तुम्ही एका पॉइंटने मागे आहात आणि लांबून तुम्हाला फ्री, म्हणजे कुणी न अडवता मारायची हिट, मिळालीय. बसली तर बरोबरी, पुढच्या रविवारी पुन्हा फायनल. तुम्ही वाकलात, हर्लीच्या टोकानं चेंडू अलगद उचललात, आणि बाप रे, काय फटका तो! चेंडू सूं करत माझ्या डोक्यावरून मागे गेला. पलीकडचा अंपायर माझ्याकडे बघतोय, रेफरी माझ्याकडे बघतोय. मी वाइड दिला.

शिट्टी झाली आणि तुमचे लोक माझ्या अंगावर धावून आले. तुम्ही लंगडत मध्ये पडलात. 'बाहेर होता?' 'होता, सर.' 'मग होता,' म्हणालात, आणि माझी कॉलर नीट केलीत. पुढे वर्षानुवर्षं प्रत्येकाला हेच सांगत राहिलात. एडिनबराच्या जॉबसाठी मला रेफरन्स दिलात त्यातही तेच: स्वतःच्या शिक्षकाविरुद्धसुद्धा खरं बोलणारा मुलगा. त्या पत्रावर मला ती नोकरी मिळाली. लाज वाटते हो मला.

हे इंग्लिशमध्ये लिहून तुमच्या मुलीला पाठवावं असं मनात होतं. नाही पाठवणार. तिलाही तुम्ही तीच गोष्ट कौतुकानं सांगितली असणार. स्क्वेअर लेगला उभं राहिलं की नजर बॅट्समनच्या पायांवर ठेवायची, तीच सवय नडली, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. पण तेही खरं नाही. झेंडा वर केला असता तर सरांसाठी केला म्हणाले असते, म्हणून मी भ्यायलो. चेंडू आत गेला की बाहेर, मला आजही माहीत नाही. फटका मारून तुम्ही तसेच एका पायावर तोलून उभे होतात, आणि मी तुमच्याकडेच बघत राहिलो होतो.