‘राजपूत’ जहाज, एकास दोनशे

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
१२ मार्च २०२६

चि. राजानंद यास,
सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. थंडी सरल्यापासून गुडघा कमी दुखतो. हरभरा निघाला, बटाईवाल्यानं माझ्या वाटचा आणून टाकला. प्रीती मागच्या आठवड्यात संभाजीनगरहून आली होती. फ्रिज साफ करून दिला, आणि एकट्या माणसाला एवढा भात लागतो का म्हणून माझ्यावर रागावून गेली. पोरगी दिवसेंदिवस आईसारखी होत चालली आहे. ज्योत्स्नाला माझा जय भीम सांग.

आठ दिवस मी तुझे फोन उचलले नाहीत. तब्येतीचं कारण नव्हतं. फोनवर तू मधेच बोलतोस, मग मी थांबतो, आणि थांबलो की ते राहूनच जातं. म्हणून पत्र लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

आधी जहाजाचं. ‘राजपूत’ पूर्ण झालं. एकास दोनशे प्रमाण धरलं. तुझं जहाज एकशे सत्तेचाळीस मीटरचं, माझं साडेत्र्याहत्तर सेंटिमीटरचं. सव्वा वर्ष गेलं. ‘विक्रांत’ला दोन वर्षं लागली होती, पण तेव्हा मी नोकरीत होतो, शाळा सुटल्यावरच बसता यायचं. याचा सांगाडा सागाचा आहे, वरचं बांधकाम सनबोर्डचं. तोफांच्या नळ्यांना इंजेक्शनच्या सुया, कठड्याच्या खांबांना टाचण्या, आणि त्यांच्यातून ओवलेला तुझ्या वंदनावहिनीच्या शिलाई मशीनवरचा दोरा. चारही धुराडी दोन-दोनच्या जोडीनं उभी आहेत. मागच्या जोडीचा उतार मला जमत नव्हता, तीनदा तोडून पुन्हा केली. आता तू त्याच्यावर बोट ठेवून ‘इथं माझी ड्यूटी असायची’ असं दाखवू शकशील, एवढं बरोबर झालं आहे.

तुमच्या मेळाव्याचं निमंत्रण मिळालं. चार मे, जहाज नौदलात आलं तो दिवस. जुने सोबती जमणार, मुलंबाळं येणार. खाली छापलं आहे: ‘जहाजाची प्रतिकृती साकारणारे, तसेच धाकट्या भावासाठी नौदलातील निवड नाकारणारे थोरले बंधू श्री. वसंत गुरुजी यांचा सत्कार.’

ते वाक्य काढायला लाव. का, ते सांगतो.

सव्वीस जानेवारीला भोकरदनच्या एका शाळेत प्रदर्शन होतं. तिथल्या हेडमास्तरांनी आग्रह केला म्हणून मी ‘राजपूत’ नेलं, जीपमध्ये मांडीवर धरून. लोक बघून जात होते. तेवढ्यात घनसावंगीकडचे रामप्रसाद म्हणून एक गृहस्थ आले, मुलीकडं आले होते. नौदलातून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा काढून, वाकून, सगळं जहाज पुढून मागं पाहिलं. खूप वाखाणलं. मग म्हणाले, “गुरुजी, एक सांगू का? दिवे उलटे लागलेत. डाव्या अंगाला लाल पायजे, उजव्या अंगाला हिरवा. तुमचे बराबर उलटे हायेत.”

मी म्हणालो, घाईत झालं असेल.

माझ्याजवळ रंगाच्या दोन्ही डब्या होत्या. ते म्हणाले, “आणा, इथंच करून टाकू. लाल कोणती?”

मी दोन्ही डब्या हातात घेऊन उभा राहिलो. वंदना होती तोवर प्रत्येक झाकणावर ती नाव लिहून ठेवायची. ती गेल्याला चार वर्षं झाली. या डब्या नंतरच्या. दुकानदारानं सांगितलं तेव्हा लाल डाव्या खिशात ठेवली होती, घरी येईपर्यंत डावा-उजवा विसरलो होतो.

रामप्रसादांनी माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मेडिकलला असे लई पोरं परत जायचे, गुरुजी. चांगले चांगले पोरं.”

राजू, मी निवड नाकारली नव्हती. एकोणऐंशी साली मुंबईला मेडिकल झालं. आधी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. त्यात म्हणे आकडे असतात. मला नुसते ठिपके दिसले. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन लांबवर बारीक दिवे लावले. हिरव्या दिव्याला मी पांढरा म्हणालो. पुन्हा विचारलं, पुन्हा पांढराच म्हणालो. डॉक्टर चांगला होता. म्हणाला, “बेटा, समुद्रावर समोरच्या जहाजाचा दिवा तू चुकीचा सांगितलास तर तीनशे माणसं जातील.” कागदावर शिक्का मारला. पाच मिनिटांचं काम.

लहानपणी पिकली बोरं कोणती हे मी तुला विचारायचो, तेव्हा तुला वाटायचं दादा खेळ करतोय.

मुंबईहून घरी यायला दीड दिवस लागला. वस्तीतली माणसं दारात बसलेली होती. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगं नेव्हीत चाललं. मी आत आलो आणि म्हणालो, “निवड झाली, पण मी जात न्हाई. आबांची पाठ दुखती, राजू लहान हाय.” कसं सुचलं मला माहीत नाही. माय रडली. आबांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर खरं सांगायची वेळ रोज येत होती आणि मी रोज ती पुढं ढकलत होतो. पुढं ढकलता ढकलता मी डी.एड. झालो, मास्तर झालो, आणि गावात ‘भावासाठी नेव्ही सोडलेला’ म्हणून ओळखलाही जाऊ लागलो.

युद्धनौकाच का बनवता, असं लोक विचारतात. मी इतिहासाचं काहीतरी सांगतो. खरं म्हणजे त्या करड्या असतात. करडा रंग मला तुमच्यासारखाच दिसतो.

इथवर लिहून पत्र संपवावं असं वाटत होतं. चार दिवस तसंच ठेवलं होतं. पण कार्डावरचं वाक्य काढायला एवढं पुरेसं असलं तरी तुझ्यापुरतं पुरेसं नाही.

एक्क्याऐंशी साली तुझा फॉर्म मी भरला. तुला कॉलेजात जायचं होतं, मास्तर व्हायचं होतं. मी म्हणालो, मी सोडलेली जागा घरात परत यायला पाहिजे. तू गेलास. ऑगस्टमध्ये चिल्क्याच्या ट्रेनिंग सेंटरहून तुझं पत्र आलं. पाण्याची भीती वाटते, पोहायच्या तलावात पाय कापतात, झोप नाही. अजून नाव कमी करून घेता येतं, आबांना विचारून कळव, असं तू लिहिलं होतंस.

आबांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, सगळं, एक शब्द न गाळता. आबांनी उत्तर सांगितलं. मी ओसरीवर बसून लिहून घेतलं.

मी लिहिलं: ‘वसंतानं तुझ्यासाठी जागा सोडली आणि तू पळून येतोस? आलास तर दारात उभा करणार नाही. तुझा बाप, संपत.’

आबांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी तुला ये म्हणून सांगितलं होतं.

तू परत आला असतास तर मी घरी का राहिलो याला काही अर्थच राहिला नसता. एवढंच कारण होतं. दुसरं कोणतंही मोठं कारण मला शोधून सापडलं नाही.

त्यानंतर तू सुट्टीवर यायचास, मायजवळ बसायचास, माझ्याशी बोलायचास, आणि आबांशी ‘हो’, ‘न्हाई’. तू एकदा जरी त्यांना तोंडावर विचारलं असतंस तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. तू आलास की तू जाईपर्यंत मला घास गोड लागत नसे. एकदा पोळ्याच्या दिवशी आबा मला म्हणाले, “राजा माझ्याशी असा का वागतो रे? म्या काय केलं त्याचं?” मी म्हणालो, नोकरीचा ताण असेल.

ब्याण्णवला ते गेले तेव्हा तू समुद्रावर होतास.

जहाज पेटीत भरून ठेवलं आहे. पाठवायचं की नाही ते तू सांग. मी येणार नाही.

वसंता


विशाखापट्टणम
२८ मार्च २०२६

दादा,
जय भीम.

पत्र मिळून आठ दिवस झाले. पहिल्यांदा वाचलं, खिशात घातलं, बंदरावर जाऊन आलो. ज्योत्स्नानं विचारलं काय झालं, तर तिच्या हातात दिलं. तिनं वाचून बाजूला ठेवलं. जेवायला वाढलं फक्त.

एक एक करून लिहितो.

रंग दिसत न्हाई ही काय लपवायची गोष्ट आहे? आमच्यासोबतच्या भरतीत आठ पोरं त्याच पुस्तकावर परत गेल्ते. तुझ्या जहाजाचे दिवे सुलटे करायचं काम पाच मिनिटांचं आहे, ते मला सांगूही नको.

जागा सोडली नव्हतीस, हे समजल्यावर राग आला. वीस वर्षं नोकरी केली, दर वेळी बंदर सुटलं की पहिले दोन दिवस मी ओकायचो. पोरं हसायची. मी मनात म्हणायचो, दादाची जागा आहे, टिकवली पायजे. पण नोकरीनं मला घर दिलं, मुलगा शिकला, माणसं मिळाली. ‘राजपूत’ नौदलातून निवृत्त झालं तेव्हा मी रडलो, एवढं ते माझं झालं. म्हणून हे पण सोडून देतो. बिलकुल सोडलं असं न्हाई, पण सुटेल.

आबांचं सुटत न्हाई.

तुला एक सांगतो, आजवर ज्योत्स्नालासुद्धा सांगितलं न्हवतं. आबा गेल्याची तार मला नऊ दिवसांनी मिळाली, जहाज बंदराला लागल्यावर. मी वाचली, घडी केली आणि ड्यूटीवर गेलो. डोळ्यांत पाणी आलं न्हाई. मला त्याचा अभिमान वाटल्ता. मी म्हणालो, बघा, तुम्ही दारात उभं करणार न्हवता, आता मीच आलो न्हाई.

अकरा वर्षं त्यांच्याशी मी धड बोललो न्हाई. सुट्टीवर आलो की ते अंगणात माझ्यासमोर बाज टाकून बसायचे, उगंच दोरी वळत. मी उठून जायचो. ते मी कुणाकडून परत आणू, दादा?

सत्कार रद्द केला. तू माझी माफी मागितली न्हाईस, ते बरं केलंस. मागितली असतीस तर मी काय केलं असतं माहीत न्हाई.

एकच काम आहे. त्या दिवशी ओसरीवर आबा काय बोलले, ते लिहून पाठव. तुझ्या मास्तरी भाषेत नको. ते बोलले तसं. तू गणिताचा मास्तर, तुझ्या ध्यानात सगळं राहतं, आणि हे तर राहिलंच असेल. त्याच्यासोबत तुझं काही लिहू नको. तब्येत, हरभरा, जहाज, काही न्हाई. फक्त त्यांचं.

राजानंद


टेंभुर्णी

चि. राजा,

तुझं पत्र आलं. वसंतानं वाचून दाखवलं. तुझ्या मायनं अजून एकदा वाचायला लावलं, मंग ती आत गेली.

पाण्याचं भेव वाटतं म्हणतोस, त्यात लाजायचं काय. मला बी हिरीचं भेव वाटतं. गाळ काढाया उतरतो तवा पाय लटलट कापतेत. म्या कुणाला सांगितलं न्हाई, तुझ्या मायला बी न्हाई. आता वसंताला कळलं, लिहून राह्यला तो.

मन लागत नसंल तर नाव कमी करून घे अन् ये. वसंतानं जागा सोडली ते त्यानं त्याच्या मनानं सोडली. त्याचं वझं तू कशाला घेतो. तो काय तुला बोलायचा न्हाई. बोलला तर मी हाये.

कॉलेजाचं बघू. खर्चाचं होईल बराबर, तू त्याची काळजी करू नको. तू मास्तर झाला तर मला पयल्यांदा सही शिकव. अंगठा देऊन देऊन कटाळा आला.

साहेबाला सांगून नीट कागद करून ये, पळून येऊ नको. जालन्याला उतरलास की इकडची शेवटची गाडी पाचला हाये. ती चुकली तर ठेसनावरच ऱ्हा, अंधाराचं चालत येऊ नको. मी सांच्याला फाट्यावर येऊन बसत जाईन. कोणत्या दिवशी येतो ते कळवलं न्हाई तरी चालंल, मी रोजच येईन.

लोक काय म्हणतेल ते मी बघतो. तू जल्दी ये.

सांगणार: तुझा बाप, संपत. ऑगस्ट १९८१.
लिहिणार: वसंता. ५ एप्रिल २०२६.